फोन जोरात वाजला तर? खरा इशारा ओळखा, फसवणूक टाळा

ताईंनो, २० जुलै २०२३ ची सकाळ आठवते का? महाराष्ट्रात कितीतरी जणींचे फोन अचानक मोठ्याने वाजले, थरथरले आणि स्क्रीनवर आपोआप संदेश आला. फोन हॅक झाला की काय, म्हणून अनेकजणी घाबरल्या. ती केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची चाचणी होती. पुढच्या महिन्यांत पुन्हा चाचण्या झाल्या. तेव्हा संदेशातच लिहिलं होतं, की ही चाचणी आहे, तुम्हाला काहीही करायचं नाही.

हा इशारा येतो कसा?

याला ‘सेल ब्रॉडकास्ट’ म्हणतात. गावात दवंडी देतात ना, तसंच हे. मोबाइल टॉवरवरून संदेश सोडला, की त्या भागातल्या चालू फोनवर तो एकदम पोचतो. त्यासाठी कोणाचा नंबर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. बऱ्याच फोनमध्ये आवाज बंद असला तरी तो वाजतो. मात्र काही जुन्या फोनवर येत नाही. म्हणून आपल्याला आला, तर शेजारच्या आजींनाही सांगायचं.

आपल्याला याचा उपयोग काय?

गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की गोदावरी फुगते. निफाड तालुक्यातल्या सायखेडा, चांदोरीच्या बायकांना पुराचं पाणी काय असतं ते सांगायला नको. इशारा वेळेत मिळाला, तर नदीकाठच्या मोटारी काढता येतात, जनावरं वर नेता येतात. विजांचा इशारा आला, तर झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जाता येतं. म्हणून फसवणुकीच्या भीतीने असे इशारे बंद करून ठेवू नका. फोनच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ चालू आहे का, ते घरातल्या मुलामुलींकडून बघून घ्या.

मग फसवणूक कुठे होते?

आपण घाबरलो किंवा घाईत असलो, की भामट्यांचं फावतं. ‘पूरग्रस्तांची मदत मंजूर झाली, ही फाइल उघडा’, ‘केवायसी केली नाही तर हप्ता बंद’, ‘आज रात्री वीज कापणार’ असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा एसएमएसने येतात. सोबत लिंक किंवा ‘एपीके’ फाइल असते. ती फाइल फोनमध्ये टाकली आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली, की आपले ओटीपी परस्पर भामट्याकडे जातात. गटाच्या अध्यक्ष, सचिव ताईंचे नंबर बँकेत नोंदवलेले असतात. त्यांचा फोन भामट्याच्या हाती गेला, तर गटाच्या बचतीलाही धोका.

ओळखायचं कसं?

एकच खूण पक्की लक्षात ठेवा: खरा इशारा सांगतो, मागत नाही.

• ओटीपी, पिन, आधार किंवा खाते नंबर मागितला, तर तो खोटा.
• ‘फाइल डाउनलोड करा’, ‘आधी फी भरा’ म्हटलं, तर खोटा.
• ‘मी आपत्ती विभागातून बोलतोय’ असा फोन आला आणि माहिती विचारली, तर सरळ फोन ठेवून द्या.
• शंका आली, तर तलाठी, ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालयात विचारा. संदेशातल्याच नंबरवर फोन करून खात्री करू नका.
• खात्री नसलेला संदेश गटाच्या ग्रुपवर पुढे पाठवू नका. आपण पाठवला, की बाकीच्या ताई विश्वास ठेवतात.

चुकून लिंक उघडली किंवा पैसे गेले तर?

लाज धरून गप्प बसू नका. लगेच फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा आणि बँकेला खातं थांबवायला सांगा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त. जिवावर बेतलं असेल, तर मदतीसाठी ११२ नंबर आहेच.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली, की दहा मिनिटं यासाठी काढा. १९३० आणि ११२ हे नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांच्याकडून ते तोंडपाठ करून घ्या.