शेवंतीला लवकर फुलवायचंय? तिची रात्र वाढवा!

शेवंती कळी धरते ती रात्र मोठी झाली की. म्हणून आपल्याकडे तिचा खरा बहर दिवाळीच्या पुढेमागे येतो. पण जूनमध्ये पुण्यात दिवस सव्वातेरा तासांचा असतो. तेव्हाच झाडांवर काळं कापड टाकून दिवस छोटा केला, तर फुलं गणपतीतही मिळू शकतात.

संध्याकाळी पाचला झाकायचं, सकाळी आठला उघडायचं. रोज, न चुकता. कापड दाट विणीचं, दुपदरी घ्या. डोळ्यांसमोर धरून उन्हाकडे पाहिलं तर पलीकडचं काही दिसता कामा नये. प्लॅस्टिक नको, आत उकाडा साठतो आणि जास्त उष्णतेने कळ्या रखडतात. कापड पानांना न टेकता वाकवलेल्या पाइपांवर तोलून ठेवा, हवा खेळती राहते. तीन-चार आठवड्यांत शेंड्यावर हिरव्या बटणासारखी कळी दिसते. तिला रंग चढेपर्यंत झाकणं सोडायचं नाही. फुलायला एकूण आठ ते दहा आठवडे लागतात.

हे गुपित १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडांवरून उलगडलं. पुढे कळलं, की झाड खरं तर सलग अंधार मोजतं. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी ते मोजणं मोडतं! मला यातली हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते. त्यामुळे गच्चीवर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत असेल, तर कापडाच्या कडा विटांनी नीट दाबा.