ज्वारी गेली, तूर राहिली

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरच्या काळ्या रानात आता खरीप म्हणजे सोयाबीन, मधूनमधून तुरीचे तास आणि पाणी असेल तिथं हळद. हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हा, म्हणजे १९९९ च्या बऱ्याच आधी, तुरीची सोबतीण ज्वारी असायची. पुढं तिफणीनं ज्वारी पेरायची, मागं सरता, म्हणजे बी सोडायची नळी, धरून ठरलेल्या तासांत तूर सोडायची.

हिशेब साधा होता. ज्वारी साडेतीन-चार महिन्यांत निघते. तोवर तूर तिच्या सावलीत रेंगाळते आणि ज्वारी कापली की फोफावते. पाऊस परतलेला असतो, पण भारी जमिनीत खोलवर ओल असते. तुरीची मुळं तिथवर जातात. एकाच रानातून भाकरी, वरण, बैलांना कडबा, चुलीला तुराट्या. पाऊस फसला तरी दोन्ही पिकं एकदम हातची जात नसत.

१९७२ साली, ऐन दुष्काळात, परभणीला कृषी विद्यापीठ निघालं आणि त्याच वर्षी हैदराबादजवळ इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था. जुन्या जोडीला मग मोजमाप मिळालं: ही दोन्ही पिकं वेगवेगळी पेरून तेवढंच उत्पन्न काढायचं तर जमीन जास्त लागते. इक्रिसॅटच्या प्रयोगांत तर ज्वारीच्या संगतीतल्या तुरीवर मर रोगही कमी दिसला. परभणीची शिफारस होती चार तास ज्वारी, दोन तास तूर.

मग जोडी का फुटली? विज्ञान चुकलं म्हणून नाही. संकरित ज्वारी लवकर पिकायची, कणसं परतीच्या पावसात सापडून काळी पडायची. तशा ज्वारीला भाव कोण देणार? नव्वदीत सोयाबीन आलं, तीन महिन्यांत रोख पैसा देणारं. पुढं मजूर मिळेनात, तणनाशकं आली. सोयाबीनमधलं गवत मारणारं औषध ज्वारीला कसं सोडेल? तीही गवताच्याच कुळातली. तूर मात्र सोयाबीनसारखीच शेंगवर्गीय, म्हणून तिचं निभावलं. माझ्या मते ज्वारीला खरा धक्का भावापेक्षा या फवाऱ्यानं दिला.

चार-दोनचा मेळ अजून आहे, ज्वारीच्या जागी सोयाबीन. काढणीच्या वेळी सोयाबीन पावसात भिजलं तर तूर हाताशी राहते, एवढा जुना आधार टिकला. कडबा मात्र आता विकत घ्यावा लागतो.