जुन्या फाइलीची किल्ली

धर्माबाद हे तेलंगणाच्या सीमेवरचे मिरचीच्या बाजाराचे गाव. इथे मराठीच्या जोडीने तेलुगूही कानावर पडते. संगणकाला मात्र या दोन भाषांच्या लिप्यांतला फरक बराच काळ कळतच नव्हता. आठ बिटांच्या जुन्या फॉन्टमध्ये जेमतेम 256 जागा असत. इंग्रजी अक्षरांच्याच जागी काना, वेलांटी, रेफ, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाइलीत साठवलेला जागेचा तोच आकडा दुसऱ्या फॉन्टमध्ये तेलुगू अक्षर होई आणि फॉन्टच नसला तर पडद्यावर अर्थहीन इंग्रजी उमटे. म्हणजे अशा फाइलीत मराठी नसतेच, नुसते आकडे असतात. ते वाचण्याची किल्ली फॉन्टकडे आणि प्रोग्रॅमकडे. म्हणूनच छापखान्यात पाने लावण्याचा पेजमेकरसारखा जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवणे ही निव्वळ हौस नाही. मराठी मजकूर वाचवण्याचे ते पहिले काम आहे.

यावर कोणी म्हणेल, युनिकोड आले, फाइली एकदा त्यात बदलून घ्या आणि मोकळे व्हा. युनिकोडमध्ये देवनागरी आणि तेलुगूला प्रत्येकी 128 जागांचा स्वतंत्र पट्टा आहे, तेव्हा जायचे तिथेच हे खरे. पण वाट सरळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ‘कि’ची वेलांटी आधी, ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी येतो. ‘सूर्य’मधला रेफ जुन्या फाइलीत ‘य’च्या मागे असतो, युनिकोडमध्ये तोच पुढे यावा लागतो. रूपांतर करणारा प्रोग्रॅम हा क्रम उलटवताना जोडाक्षरांत चुकतो, आणि गावाच्या किंवा माणसाच्या नावातली चूक कोशात पाहून सापडत नाही. ती पकडायला मूळ पान जसेच्या तसे डोळ्यांसमोर हवे. त्यासाठी पुन्हा जुना प्रोग्रॅमच लागतो.

तो चालवायचा कसा? 32 बिटांचे बरेच प्रोग्रॅम 64 बिटांच्या विंडोजवरही चालतात, कारण त्यांच्या मागण्या नव्या व्यवस्थेला समजतील अशा करून देणारा एक थर विंडोजमध्येच आहे. अडते ते लॉकपाशी. फॉन्टच्या अनेक पॅकेजांसोबत, नक्कल रोखण्यासाठी, प्रिंटरच्या पोर्टला लावायचे लॉक येई. त्याचा 32 बिटांचा ड्रायव्हर 64 बिटांची विंडोज स्वीकारत नाही. डॉसवरच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचे तर दारच बंद झाले आहे. 16 बिटांचे प्रोग्रॅम 64 बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि 2021 साली आलेली विंडोज 11 फक्त 64 बिटांची आहे. तिथे डॉसबॉक्ससारखा इम्युलेटर लागतो. तो जुन्या प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये वठवतो. आजचे यंत्र इतके वेगवान आहे की हा द्राविडी प्राणायाम करूनही काम अडत नाही.

लॉकसाठी जुनी विंडोज एक्सपीच ठेवायची तर सुरक्षेचा आक्षेप मात्र रास्त आहे. विंडोज एक्सपीला 8 एप्रिल 2014 नंतर सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. असा संगणक इंटरनेटला जोडणे धोक्याचेच. पण त्यावर उपाय आहे. नव्या संगणकातच आभासी यंत्र उभारावे, एक्सपी त्यात ठेवावी आणि त्या यंत्राचे नेटवर्क तोडून टाकावे. फाइल उघडायला, पान पाहायला आणि पीडीएफ काढायला इंटरनेटची गरज नसते.

छापखाना चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: जुना संगणक भंगारात देण्याआधी त्याची हार्ड डिस्क, फॉन्टच्या मूळ सीडी आणि लॉक बाजूला काढून ठेवा.