घराच्या मापाची मोटार

विदर्भांतील जुन्या शेतकरी घरांत बहुधा दोन वाहनें असत. कापूस, धान्य आणि कडबा वाहण्यासाठीं बंडी. आणि घरच्या माणसांनीं गांवाला जावयाचें असल्यास दमणी. दमणींत कोणी कापूस भरीत नसे, आणि लग्नाला जातांना बंडी जुंपावी लागली तर म्हातारीं माणसें कुरकुर करीत. आज या दोहोंच्या जागीं एकच मोटार उभी राहूं पाहत आहे. तिला एस्. यू. व्ही. म्हणतात. ती उंच असते, खडबडीत रस्त्याला भीत नाहीं असा तिचा लौकिक असतो, आणि सारें कुटुंब तींत सुखानें मावेल असें विक्रेते सांगतात. सारें कुटुंब म्हणजे नेमकें कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोंकास झरी जामणी हा तालुका आहे. दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पलीकडे तेलंगण. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचें. मोठ्या रुग्णालयाचें काम निघालें म्हणजे यवतमाळ, चंद्रपूर किंवा नागपूर गांठावें लागतें. समजा, येथील एका घरांत पति-पत्नी, दोन शाळकरी मुलें आणि गुडघे दुखणारी आजी अशीं पांच माणसें आहेत. शिवाय दिवाळींत येणारी आत्या. या घरानें कोणती मोटार घ्यावी? पुण्यामुंबईच्या कुटुंबाचीहि अडचण याहून फारशी निराळी नसते. येथें ती अधिक ठळक दिसते, इतकेंच.

प्रथम लांबीचा विचार. २००६ सालीं केंद्र सरकारनें चार मीटरपर्यंतच्या लहान मोटारींना अबकारी करांत सवलत दिली. तेव्हांपासून ३,९९५ मिलिमीटर लांबीच्या गाड्यांचें पीकच आलें. हा भेद पुढेंहि टिकला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान इंजिनाच्या व चार मीटरपर्यंतच्या मोटारींवर १८ टक्के, आणि त्यांहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के वस्तु व सेवा कर ठरला. याचा अर्थ असा कीं, मध्यम आकाराची मोटार घेणारा मनुष्य प्रत्येक जादा वितीसाठीं सरकारलाहि पैसे मोजतो. तेव्हां ती वीत आपल्या कोणत्या माणसाच्या वांट्याला येते, हें पाहण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

बाहेरची लांबी येथें फसविते. पुढच्या व मागच्या चाकांच्या आंसांमधील अंतराला व्हीलबेस म्हणतात. बसण्याची ऐसपैस जागा मुख्यतः त्यावर अवलंबून असते. टाटांची हॅरियर पांच जणांची आणि सफारी सहा-सात जणांची. २०२३ सालीं सुधारून आलेल्या या दोन गाड्यांत हॅरियरची लांबी ४,६०५ मिलिमीटर आणि सफारीची ४,६६८. व्हीलबेस मात्र दोघींचा एकच, २,७४१ मिलिमीटर. म्हणजे अवघ्या सहा सेंटिमीटरांच्या वाढीवर एक सबंध रांग उभी केली आहे! ती आली कोठून? बव्हंशीं डिकींतून. तिसरी रांग मांडली कीं सामानाला जागा थोडीच उरते. आत्या आली तर तिची ट्रंक कोठें ठेवावयाची?

शिवाय ती रांग मागच्या आंसाच्या जवळ असल्यानें धक्के तेथें अधिक बसतात, आणि तळ उंच असल्यानें मोठ्या माणसाचे गुडघे छातीकडे येतात. मधली बैठक दुमडून, वांकून तेथें शिरणें हें आजीचें काम नव्हे. तेथें मुलेंच बसणार. आतां, १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन्‌कॅप नांवाची सुरक्षिततेची परीक्षा आपल्याकडे सुरू झाली, आणि त्याच डिसेंबरांत हॅरियर व सफारी या दोघींनाहि तींत पांच तारे मिळाले. ही गोष्ट मोलाची आहे. परंतु या परीक्षेंत बालकांचे पुतळे चालकामागच्या रांगेंत ठेवितात. त्यामुळें तिसऱ्या रांगेविषयीं ते तारे फारसें बोलत नाहींत. आणि पट्टा न बांधणाऱ्यास कोणत्याच रांगेंत ताऱ्यांचा उपयोग नाहीं.

म्हणून वर्षांत सहासात माणसें एकत्र जाण्याचे दिवस किती, हें मोजावें. ते आठदहाच असतील, तर पांच जणांची ऐसपैस गाडी घेऊन त्या दिवशीं दुसरी भाड्यानें आणणें शहाणपणाचें ठरतें. एकत्र कुटुंब असेल, तर गोष्ट निराळी.

उंचीविषयींहि असाच भ्रम आहे. गाडीचें पोट जमिनीपासून उंच असलें म्हणजे ती चिखलांतून निघेल, असें पुष्कळांना वाटतें. या वर्गांतील बहुतेक गाड्यांचीं पुढचीं दोनच चाकें ओढतात. ओल्या काळ्या मातींत तीं जागच्या जागीं फिरूं लागलीं कीं बैलजोडीच बोलवावी लागते. तीच माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते, म्हणून तिच्यावरील डांबरी सडकहि लाटांसारखी होते. त्या लाटांचा त्रास चालकाला कमी आणि मागें बसणाऱ्याला अधिक. तेव्हां घरच्या कर्त्यानें चाचणीफेरींत स्वतः चालवून झाल्यावर एकदां मागें बसावें. वैशाखांतल्या उन्हांत मागच्या बाकापर्यंत गार वारा पोंचतो कीं नाहीं, हेंहि त्याच वेळीं कळतें.

इंधनासंबंधीं थोडक्यांत. वारंवार दूरचा प्रवास असेल तर डिझेल परवडतें. रोज केवळ बाजार व शाळा एवढीच धांव असेल, तर नव्या डिझेल गाडींतील काजळीची गाळणी तुंबूं लागते. तेथें पेट्रोल बरें. सी. एन्. जी. ची टाकी पुष्कळदां डिकीच गिळते. आणि कर्ज काढावयाचें असल्यास एक गोष्ट लक्षांत असावी: कापसाचा पैसा हंगामांत एकदां येतो, हप्ता मात्र दरमहा येतो. नोकरदाराला हें शल्य कळणें कठिण.

गाडी पाहण्यास जातांना आजीला बरोबर न्यावें. बैठक तिच्या कमरेच्या उंचीची असेल तर तिला चढावेंहि लागत नाहीं आणि खालीं टेंकावेंहि लागत नाहीं. लुगडें आवरून नुसतें वळून बसतां येतें. तिला दोनदां चढूं-उतरूं द्यावें. मग मागच्या बाकावर तिच्या शेजारीं दोघांनीं बसून दार लावावें आणि दहा मिनिटें तसेंच राहावें. विक्रेता तेवढ्या वेळांत मुलांना छतावरची कांच उघडून दाखवीत असेल, दाखवूं द्यावी.