रात्रीची लॉरी आणि दिवसाची झोप

आपल्यापैकी कोणाच्या घरी सोलापुरी चादर मागविली असेल, तर काय घडते ते आपण पाहिलेच असेल. सकाळी दहा-अकराच्या सुमारास दाराची घंटा वाजते, एक तरुण गठ्ठा हाती देतो, मोबाइलवर आलेले चार आकडे विचारून घेतो आणि लगबगीने जिना उतरून जातो. आपण दार लावतो. परंतु ती चादर आदल्या संध्याकाळी बहुधा सोलापुरातच होती, आणि आपण सर्व गाढ निजलेले असताना कोणीतरी डोळे उघडे ठेवून तिच्यासह तीनशे किलोमीटर आला, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. दिवसाचा तो तरुण आणि रात्रीचा हा माणूस ही एकाच दोरीची दोन टोके होत. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने दोन वर्षांपूर्वी ह्या टोकाहून त्या टोकाला जाण्याचे ठरविले. त्याच्याकडून जे ऐकले आणि मागाहून जे वाचून पडताळून पाहिले, ते येथे सांगते.

हा मुलगा वर्गात फारसा चमकणारा नव्हता. परंतु नकाशा काढण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. शिक्षण आटोपल्यावर त्याने, लोक जिला 'छोटा हत्ती' म्हणतात ती लहान मालमोटार चालवून काचीगुडा, सुलतान बाजार, नारायणगुडा ह्या भागांत पार्सले पोहोचविण्याचे काम धरले. त्या कामात मोबदला पार्सलामागे मिळे. पत्ता 'लिंबाच्या झाडासमोर' एवढाच असला तरी घर शोधावे लागे, आणि सापडलेल्या घरी कोणी नसले तर तो खेटा फुकट जाई. "बाई, न उघडलेल्या दाराचे पैसे मिळत नाहीत," असे तो एकदा हसत म्हणाला. पुढे कित्येक महिने तो दिसला नाही. नंतर भेटला तेव्हा डोळे तांबारलेले, पण चालण्यात एक प्रकारचा निवांतपणा आलेला. "आता लॉरीवर आहे. रात्रीची फेरी. दिवसा माणसांशी झगडावे लागायचे, आता फक्त रस्ता." ह्या 'फक्त रस्ता' शब्दांत त्याची थोडी फसगत झाली होती. ती कशी, ते पुढे येईलच.

लांब पल्ल्याची मालवाहतूक बहुतेक रात्रीच का होते, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे पहिले कारण अगदी साधे आहे. बेगम बाजार व उस्मानगंज येथील व्यापारी दिवसभर माल विकतात, संध्याकाळी बांधतात. तो लादून होईतो नऊ-दहा वाजतात. दुसरे असे की, आपल्या शहराच्या आतील भागांत दिवसा अवजड वाहनांच्या येण्याजाण्यावर पोलिसांचे निर्बंध असतात. शिवाय उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर भरलेल्या लॉरीचे टायर फुटण्याचे भय अधिक, आणि रात्री गर्दी कमी. पूर्वी राज्यांच्या सीमांवर विक्रीकराच्या नाक्यांपाशी लॉऱ्यांच्या रांगा लागत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि ते नाके उठले. टोलनाक्यावरील पैसे २०२१ पासून काचेवर चिकटविलेल्या फास्टॅगमधून वळते होऊ लागले. थांबे कमी झाले, फेऱ्या वेगवान झाल्या. मात्र त्या थांब्यांवर ड्रायव्हरला जी डुलकी मिळे, तीही त्यांबरोबर गेली, हे कोणी जमेस धरले नाही.

आता लहान गाडीवरून मोठ्या गाडीवर जाणे म्हणजे काय ते पाहू. छोट्या हत्तीचे वजन मालासह दीड-दोन टन भरते. दोन आसांच्या लॉरीला मालासह साडेअठरा टनांपर्यंत मुभा २०१८ साली मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, हलक्या मोटारीचा परवाना असणाऱ्यास साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहन वेगळ्या शेऱ्यावाचून चालविता येते. त्यापलीकडे अवजड वाहनाचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी वय किमान वीस वर्षे आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्षाचा जुना असावा लागतो; शिवाय वैद्यकीय दाखला हवा. माझ्या विद्यार्थ्याने हे सर्व रीतसर केले. त्याला सर्वांत नवल वाटले ते हवेच्या ब्रेकचे. लॉरी सुरू करताच ती हलवायची नाही. टाकीत हवेचा दाब पुरेसा भरला की नाही ते काट्यावर पाहायचे, मगच निघायचे. उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापून निकामी होतो, म्हणून खालच्या गिअरात टाकून इंजिनाकडूनच गाडी आवरून धरायची. अठरा टनांची लॉरी मनात येईल तेव्हा उभी राहत नाही. वेग दुप्पट झाला की तिची गतिज ऊर्जा चौपट होते. (मी कला शाखेची, हे वाक्य मी आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांकडून तपासून घेतले आहे.)

त्याची फेरी हैदराबाद ते सोलापूर अशी. पटानचेरू, संगारेड्डी, जहीराबाद, पुढे कर्नाटकात हुमनाबाद, मग महाराष्ट्रात उमरगा, नळदुर्ग आणि सोलापूर. एका रात्रीत तीन राज्ये लागतात. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ह्यांतील नळदुर्गापर्यंतचा सारा मुलूख एकाच हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात मोडत होता. राज्ये वेगळी झाली, परंतु वाटेवरच्या चहाच्या टपरीवर अजूनही तेलुगू, कानडी, दख्खनी आणि मराठी अशा चारही भाषा एकाच बाकावर बसलेल्या आढळतात. मूळची कोंकणी बोलणारी मी ह्या शहरात मराठी शिकविते, तेव्हा मला त्या बाकाविषयी आपुलकी वाटावी ह्यात नवल नाही.

रात्रीच्या रस्त्यावर पहिली अडचण डोळ्यांची. उजेडातून अंधारात गेल्यावर आपली दृष्टी पूर्णपणे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. समोरून कोणी दिव्याचा झोत पूर्ण सोडून आला, की मिळविलेला सराव क्षणात नाहीसा होतो. म्हणून जुने ड्रायव्हर नवशिक्याला शिकवितात की, समोरच्या दिव्यांकडे पाहू नये, रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी. खाली झुकविलेल्या दिव्यात सुमारे पन्नास मीटरपर्यंतचे दिसते. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. काही दिसून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत दीड सेकंद गेला, तर पंचवीस मीटर तेथेच संपले! उरलेल्या अंतरात भरलेली लॉरी उभी राहीलच असे नाही. हिवाळ्यात साखर कारखाने चालू असतात. तेव्हा सोलापूर-उमरग्याकडे उसाने लादलेले ट्रॅक्टर मागे दिवा न लावता चाललेले असतात. दिवसा पाहावा तर तो ऊस किती गोड वाटतो! रात्री ड्रायव्हरला त्याच्याइतके भय कशाचेच नसते.

परंतु खरी अडचण रस्त्यावर नाही, ती ड्रायव्हरच्या अंगातच आहे. आमच्या घरी जी कोंकणी बोलतात, तीत झोपेला 'न्हीद' म्हणतात. ही न्हीद केवळ थकव्यावर अवलंबून नसते. मेंदूच्या तळाशी एक अत्यंत लहान केंद्र आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते आपल्या शरीराचे घड्याळ लावीत असते. पेशींमधील हे घड्याळ कसे चालते, ते उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग ह्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या घड्याळाप्रमाणे पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान शरीराचे तापमान उतरते, सावधपणा मंदावतो, आणि माणूस दिवसा झोपलेला असला तरी त्याला ग्लानी येते. आज दिवसपाळी सोडून उद्या रात्रपाळी धरली म्हणून हे घड्याळ लगेच फिरत नाही; ते दिवसाला साधारण तासाभरानेच सरकते. त्यात सुटीच्या दिवशी माणूस पुन्हा इतरांप्रमाणे रात्री झोपला, की पुन्हा मूळपदावर!

ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतत सतरा तास जागा राहिलेल्या माणसाचे हात व लक्ष, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात, असे त्यांना आढळले. आपल्या देशात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सातला उठून, दिवसभर जागून, रात्री लॉरीवर बसलेला माणूस मध्यरात्री जहीराबाद ओलांडतो तेव्हा थेंबही न घेता त्या मर्यादेपलीकडल्या माणसासारखा झालेला असतो. त्याचे तोंड हुंगून हे कोणास कळणार?

माझ्या विद्यार्थ्याला हे पुस्तकातून कळले नाही. काम लागल्यावर तिसऱ्याच महिन्यात त्याच्या तेव्हाच्या मालकाने त्याला सोलापुरात माल उतरवून त्याच संध्याकाळी परत निघण्यास सांगितले. दुपारी लॉरीच्या सावलीत दोन तास डोळा लागला होता, तेवढीच झोप. उमरगा मागे टाकल्यावर पहाटे चारच्या सुमारास डावी चाके डांबर सोडून मुरमावर उतरली. क्लीनर मोठ्याने ओरडला म्हणून लॉरी मोरीच्या कठड्यापासून चार हातांवर उभी राहिली. "बाई, माझे डोळे उघडे होते. रस्ता दिसत होता. मी मात्र तेथे नव्हतो." ह्या क्षणिक झोपेत तीन सेकंद जरी गेले, तरी लॉरी पन्नास मीटर निराधार धावते. खिडकी उघडणे, गाणी लावणे, तंबाखूचा बार भरणे हे सारे उपाय त्याने करून पाहिले होते. त्यांनी झोप हटत नाही, ती आल्याचे फक्त कळेनासे होते. उपयोग होतो तो एवढाच की गाडी सुरक्षित जागी उभी करावी, कडक चहा घ्यावा आणि लगेच वीस मिनिटे निजावे. चहाचा अंमल चढण्यास अर्धा तास लागतो, तोवर डुलकी पुरी होते.

कायदा ह्याविषयी मुका आहे काय? मुळीच नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, लांबच्या मार्गावर फार तर दहा तास काम, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तास मोकळे, असे ठरविले होते. हा कायदा पुढे २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. आता तुम्हीच हिशेब करा. हैदराबाद ते पुणे सुमारे साडेपाचशे किलोमीटर. लॉरीची सरासरी ताशी पन्नास धरली तरी अकरा तास होतात. म्हणजे एका ड्रायव्हरने एका रात्रीत पुणे गाठणे ह्या मर्यादेत बसतच नाही. दोन ड्रायव्हर हवेत, किंवा जुन्या काळच्या डाकेच्या हरकाऱ्यांप्रमाणे टप्पे हवेत: एकाने सोलापुरापर्यंत न्यावे, दुसऱ्याने पुढे. अशी पद्धत आता काही वाहतूकदारांनी अवलंबिली आहे. अनेक मालक मात्र दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार वाचवितात, आणि पहिला ड्रायव्हरही फेरीमागे मिळणाऱ्या भत्त्यासाठी मुकाट्याने पुढे जातो. दोष द्यायचा तर मी आधी मालकाला देईन.

मोरीच्या त्या प्रसंगानंतर माझ्या विद्यार्थ्याने ते काम सोडले. मुंबईच्या फेरीसाठी त्याला अधिक पैशांचे बोलावणे होते. ते नाकारून त्याने सोलापूरचा टप्पा पत्करला. आता तो एका रात्री जातो, दिवसभर तेथील ड्रायव्हरांच्या खोलीत झोपतो, दुसऱ्या रात्री परततो आणि पुढचा दिवस व रात्र घरी काढतो. मिळकत बेताची, पण पार्सलांच्या कामापेक्षा बरी. त्याच्या आईचे सुरुवातीस म्हणणे असे की, तरण्याताठ्या मुलाने भर दुपारी लोळणे शोभत नाही. शेजारीही तसेच बोलत. दोन खोल्यांच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, खाली भाजीवाल्याची आरोळी, एप्रिलचे ऊन, अशात सहा तास झोप घेणे हे लॉरी चालविण्याहून अवघड, असे तो सांगे. मग त्याच्या धाकट्या बहिणीने, ती आपल्याच शाळेत नववीत आहे, पुढाकार घेतला. खिडकीला काळे कापड लागले. कुकर सकाळी आठच्या आत चढू लागला. दूरदर्शन संच संध्याकाळपर्यंत बंद.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले होते. दारावर वहीच्या पानावर मराठीत, तेलुगूत व हिंदीत लिहिले होते: 'दिवसा घंटा वाजवू नये. पार्सल शेजारी द्यावे.' अक्षर बहिणीचे, मी ओळखले. मी बोटानेच हलके ठोठावले. तिने दार उघडले, ओठांवर बोट ठेवले आणि तिळगुळासाठी दुसरा हात पुढे केला.