रोखीचें कार्ड कीं उधारीचें ?

वाण्याकडील उधारीची वही आणि बँकेचें पासबुक या दोन वस्तु आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. पहिलींत आपण लोकांचें काय देणें लागतों तें लिहिलेलें असतें, दुसरींत बँक आपलें काय देणें लागते तें. या दोहोंची गल्लत आपल्या आज्यांनीं कधीं होऊं दिली नाहीं. अलीकडे मात्र या दोन्ही वह्या आकारानें व वजनानें सारख्याच अशा दोन कार्डांत येऊन बसल्या आहेत. दुकानदाराच्या यंत्रांत दोन्ही सारखींच चालतात, पावतीहि सारखीच मिळते. आणि त्यामुळें बाजारांत हातीं घेतलेलें कार्ड म्हणजे पासबुक कीं वही, हा प्रश्न विचारावयाचेंच आपण विसरूं लागलों आहों. रोजच्या खर्चासाठीं यांपैकीं कोणतें कार्ड वापरावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम दोहोंचें स्वरूप पाहूं. डेबिट कार्डानें खर्च केला कीं रक्कम त्याच क्षणीं आपल्या खात्यांतून निघून जाते. खात्यांत शिल्लक नसेल तर व्यवहारच होत नाहीं. क्रेडिट कार्डानें केलेला खर्च तूर्त बँक भरते आणि महिन्याकांठीं त्याचें बिल आपणांस पाठविते. भारतांत हें दुसऱ्या जातीचें कार्ड १९८० सालीं सेंट्रल बँक ऑफ इंडियानें प्रथम काढलें. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआयनें फोनवरून पैसे देण्याची जी सोय केली, ती बचत खात्यास जोडलेली असेल तोंवर डेबिट कार्डाच्याच जातीची समजावी. परंतु २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डहि तिला जोडतां येऊं लागलें आहे. म्हणून फोनवरून दिलेला पैसा तो रोखीचाच, असें आतां धरून चालतां येत नाहीं.

क्रेडिट कार्डाची खरी सोय त्याच्या बिनव्याजी मुदतींत आहे. समजा, बिल दर महिन्याच्या ५ तारखेस निघतें आणि भरण्याची अखेरची तारीख २५ आहे. अशा वेळीं ६ जूनला घेतलेल्या किराण्याचे पैसे २५ जुलैला द्यावयाचे, म्हणजे ४९ दिवस पैसा आपल्याच खात्यांत राहिला. मात्र ४ जुलैला घेतलेल्या जिनसांस केवळ २१ दिवस मिळतात. जाहिरातींत ‘५० दिवसांपर्यंत’ असें जें म्हटलेलें असतें, त्यांतील ‘पर्यंत’ हा शब्द या कारणासाठीं लक्षपूर्वक वाचावा.

ही सोय एका अटीवर मिळते. बिलाची सारी रक्कम मुदतींत भरली पाहिजे. ती न भरल्यास खरेदीच्या तारखेपासून व्याज लागूं होतें, आणि बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीचीहि बिनव्याजी मुदत जाते. बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून जो लहानसा आकडा छापलेला असतो, तो भरला म्हणजे देणें फिटलें, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. तिचा हिशेब एकदां मांडून पाहावा. बाकी २०,००० रुपये, व्याज दरमहा शेंकडा साडेतीन, आणि किमान रक्कम शेंकडा ५, म्हणजे १,००० रुपये. एका महिन्याचें व्याज ७०० रुपये होतें. त्या व्याजावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर १२६ रुपये. हजारांतून ८२६ असे गेले आणि मूळ देणें फिटलें तें अवघें १७४ रुपयांचें ! कार्डावर रोख रक्कम काढली तर बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज चालतें आणि शुल्क वेगळें पडतें.

दरमहा साडेतीन म्हणजे वर्षाचे शेंकडा ४२. हा दर किती जड आहे, हें सावकारीच्या कायद्याशीं ताडून पाहिलें म्हणजे कळतें. महाराष्ट्र राज्यांत २०१४ सालीं सावकारी नियमनाचा नवा कायदा झाला आणि सरकारनें परवानाधारक सावकारांस दर ठरवून दिले : शेतकऱ्यास तारणावर वर्षास शेंकडा ९ व विनातारण १२, इतरांस तारणावर १५ व विनातारण १८. बँकांस हा कायदा लागू नाहीं. क्रेडिट कार्डांवर शेंकडा ३० हून अधिक व्याज घेणें ही अनुचित प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं दिला होता. परंतु सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो रद्द ठरविला. तेव्हां ज्या दरानें गांवचा परवानाधारक सावकार कायद्याच्या कचाट्यांत सांपडेल, त्याच्या दुपटीहून अधिक दर आपण सुबक पाकिटांतून आलेल्या कार्डावर निमूटपणें देतों. सावकाराच्या दारीं जातांना मनुष्याची मान खालीं असे. कार्ड पुढें करतांना ती ताठ असते. फरक एवढाच, आणि तोच धोक्याचा आहे.

आतां हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यांतील कुटुंबाच्या दृष्टीनें पाहूं. आपल्याकडील कित्येक एकत्र कुटुंबांत एक भाऊ शाळेंत, कचेरींत किंवा वणीकडील कोळशाच्या खाणींत नोकरीस असतो, आणि दुसरा घाटंजी, राळेगांव वा दारव्ह्याकडील वडिलोपार्जित शेती पाहतो. एकाचें उत्पन्न दर महिन्यास येतें. दुसऱ्याचा खर्च मृगाच्या पावसाबरोबर सुरू होतो आणि पैसा सीतादही होऊन वेचणी लागल्यावर, दसरा-दिवाळीच्या पुढें, हातीं येऊं लागतो; उलंगवाडीपर्यंत त्याचा हिशेब पुरा होत नाहीं. नोकरदार भावास ४५-५० दिवसांची मुदत पुरते, कारण तिच्या आंत त्याचा एक पगार निश्चित येतो. परंतु जूनमध्यें लावलेल्या सरकीचा कापूस ५० दिवसांत फुटत नाहीं ! बियाणें, खतें आणि निंदणाची मजुरी जर क्रेडिट कार्डावर चढली, तर तें देणें चार-पांच महिने वरील दरानें वाढत राहणार, हें उघड आहे.

आमच्या मतें या प्रश्नाची किल्ली येथें आहे. उधारीची मुदत आणि उत्पन्नाची वेळ यांचा मेळ बसला पाहिजे. हा मेळ बसावा म्हणूनच १९९८ सालीं किसान क्रेडिट कार्ड काढण्यांत आलें. नांवानें तें क्रेडिट कार्डच, पण त्याची फेड पिकाच्या व विक्रीच्या हंगामास धरून ठरते. ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर शेंकडा ७ व्याज, आणि वेळेवर फेड करणारास त्यांत ३ ची सूट असते. त्याच्या मर्यादेंत दहावा हिस्सा घरखर्च व काढणीनंतरच्या गरजांसाठींहि धरलेला असतो. ज्या विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं २००६ सालीं पंतप्रधानांस कर्जपीडित शेतकऱ्यांची साहाय्ययोजना जाहीर करावी लागली, त्यांत यवतमाळ होतें. चुकीच्या मुदतीचें कर्ज कोठवर नेतें, हें या जिल्ह्यास निराळें सांगावयास नको.

मग डेबिट कार्ड सर्वथा निर्धोक समजावें काय ? तसेंहि नाहीं. कोणी फसवून पैसे काढले तर क्रेडिट कार्डाच्या बाबतींत वाद बिलावर होतो. डेबिट कार्डाच्या बाबतींत आपला पैसा आधीं जातो आणि परत मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून फसवणूक ध्यानांत येतांच त्याच दिवशीं बँकेस कळवून तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. २०२० पासून कार्डाची मर्यादा स्वतः ठरविण्याची व नको ती सोय बंद ठेवण्याची व्यवस्था बँकांस करावी लागली आहे. तिचा उपयोग करावा.

दुसरें असें कीं, डेबिट कार्डाचें सामर्थ्य तें देणाऱ्या बँकेच्या सामर्थ्याइतकेंच. नोव्हेंबर २०२१ मध्यें यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले, तेव्हां ठेवीदारांस ५,००० रुपयांहून अधिक रक्कम काढतां येईना. २०२२ सालीं तिचा परवाना रद्द झाला. २०२० पासून एका बँकेंतील एका ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचें संरक्षण आहे, परंतु विम्याचे पैसे येईपर्यंत चूल थांबत नाहीं. घरखर्चाचें खातें एका बँकेंत आणि अडीअडचणीची शिल्लक दुसऱ्या बँकेंत, एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबानें घ्यावी.

एकत्र कुटुंबास आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. क्रेडिट कार्डावर मुलांस, सुनांस किंवा भावांस पुरवणी कार्डें मिळतात. खर्च कोणीहि केला तरी देणें मूळ कार्ड ज्याच्या नांवें आहे त्याचें. पूर्वीं वाण्याच्या वहींत घरांतील कोणीहि जिन्नस लिहून आणी, पण वही महिनाअखेर घरांत वाचली जाई. पुरवणी कार्डें घ्यावयाचीं असतील, तर बिलहि सर्वांसमक्ष वाचण्याची पद्धति ठेवावी.

तात्पर्य, भाजी, दूध, किराणा, औषधें, मुलांच्या वह्या हा रोजचा खर्च डेबिट कार्डानें किंवा बचत खात्यास जोडलेल्या फोनवरून करावा. त्यासाठीं निराळें खातें काढून त्यांत महिन्याची ठरलेली रक्कम तेवढी घालावी. क्रेडिट कार्ड घरांत एकच असावें, तें नियमित पगार असणाराच्या नांवें, आणि त्याची ‘संपूर्ण रक्कम’ दर महिन्यास खात्यांतून परस्पर भरली जाईल असा आदेश बँकेस दिलेला असावा; ‘किमान रक्कम’ असा नव्हे. शेतीचा खर्च किसान कार्डावर, घराचा घराच्या खात्यांत. एकाची सांवली दुसऱ्यावर पडूं देऊं नये. आणि हीं कार्डें ज्या गृहिणीच्या हातून रोज वापरलीं जातात, तिला तीन गोष्टी तोंडपाठ असाव्या : बिल निघण्याची तारीख, तें भरण्याची तारीख, आणि आज घडीची बाकी. या तीन गोष्टी जिला सांगतां येतात, तिच्या हातीं कोणतेंहि कार्ड सुरक्षित आहे.