झोपाळ्याच्या दोन कड्या

घरातल्या एखाद्या वस्तूत माणसांचा जीव का अडकतो? किमतीमुळे म्हणावं, तर आमच्या घरी किमती असं काही नव्हतंच. होता तो एक शिसवी झोपाळा. कुणी त्याला बंगई म्हणतात. कोकणातल्या आमच्या घराच्या पडवीत, तुळईच्या दोन आकड्यांना पितळी कड्यांनी तो टांगलेला होता. दुपारी दादी त्यावर तसबीह घेऊन बसायची. रमजानमध्ये आम्ही पोरं मगरिबच्या अजानची वाट त्यावरच बसून पाहायचो. दादी गेली त्या दिवशी तेवढा तो उतरवून भिंतीला टेकवून ठेवला होता.

झोपाळा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, त्याला कारणं आहेत. शिसव हे जड, घट्ट लाकूड. त्याच्या काळसर गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, पण ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून जाणते सुतार खिळे न ठोकता एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवत. लाकडाला हलायला जागा राही आणि सांधा तडकत नसे. कड्या पितळेच्या, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं. मात्र कडीवर कडी घासते तिथं पितळही झिजतं. अब्बा तिथं खोबरेलाचं बोट फिरवत आणि झीज किती झाली तेही पाहून घेत.

पुढं वाटण्या झाल्या, घर विकलं. जुनं फर्निचर घेणारा एक व्यापारी आला आणि त्यानं झोपाळ्याला चांगली रक्कम सांगितली. शिसव आता दुर्मिळ झालं आहे. २०१७ पासून तर त्याच्या प्रजातीतल्या सगळ्याच झाडांच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आहेत. धाकटा भाऊ म्हणाला, ‘विकू या, पैसे वाटून घेऊ.’ अम्मी एवढंच म्हणाली, ‘आधी माझी खाट बाहेर काढा, मग तो.’

झोपाळा माझ्या फ्लॅटमध्ये आला. पण टांगायचा कुठं? झोका खाली येतो तेव्हा आकड्यांवर बसणाऱ्यांच्या वजनापेक्षा जास्त ताण येतो. त्यामुळं स्लॅबला कुठंही भोक पाडून चालत नाही. इंजिनिअरला दाखवून बीममध्ये आकडे बसवून घेतले. छत ठेंगणं, म्हणून दोन्ही बाजूंची एकेक कडी काढावी लागली. अम्मी बसली, पायानं रेटा दिला आणि म्हणाली, ‘हा घाई करतो रे.’

मला वाटलं, म्हातारपणाचा हळवेपणा. पण बरोबर तीच होती. झोक्याला जायला-यायला लागणारा वेळ ठरतो तो टांगणीच्या लांबीवर. लांबी चौपट केली, तर वेळ दुप्पट होतो. आमच्या कड्या आखूड झाल्या आणि झोका खरोखरच घाईचा झाला. चाळीस वर्षांची सवय तिच्या अंगानं लक्षात ठेवली होती. त्या वेळेचा वजनाशी मात्र जवळजवळ संबंध नसतो, ही गोष्ट गॅलिलिओनं लंबकाबाबत सांगून ठेवली आहे. म्हणजे आमच्या पडवीत स्थूल दादी बसो की सहा वर्षांचा मी, झोपाळ्याची लय तीच. एका घरातली माणसं वेगवेगळ्या वेळी एकाच लयीत बसत आली. मला वाटतं, जीव अडकतो तो इथं.

अम्मी आता नाही. विकू या म्हणणारा भाऊ ईदला येतो, तो खुर्च्या सोडून थेट झोपाळ्यावर बसतो. काढलेल्या दोन कड्या मी कपाटात ठेवल्या आहेत. अधूनमधून त्यांना खोबरेल लावतो. पोरांपैकी कुणी उंच छताचं घर बांधलंच, तर लागतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)